चार वर्षांची मुदत

आमच्या गुलमंडीत कुठलीही बातमी सुपारी हनुमानापासून पैठण गेटपर्यंत जायला फार तर अर्धा तास लागतो. गेल्या वर्षी माझी भाची इंग्लंडहून शिक्षण अर्धवट टाकून परत आली, तेव्हा तर तेवढाही लागला नाही. सकाळी ती रिक्षातून उतरली आणि दुपारी मी साडीच्या फॉल-पिकोला गेले, तर तिथल्या वहिनींनी मलाच विचारलं, की व्हिसा संपला की तिथून काढून दिलं? मी काय बोलणार! हसून वेळ मारून नेली. पण घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं.

खरी गोष्ट साधी होती. एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी ती गेली होती. मध्येच माझ्या मेव्हण्यांना हृदयविकाराचा झटका आला, बायपास करावी लागली. कपड्याचं छोटंसं दुकान, तेही तीन महिने बंद. फीचा पुढचा हप्ता भरायला पैसे नाहीत. जाताना ज्या एजंटानं कागदपत्रं केली, त्यानं तर सांगितलं होतं की तिथं गेल्यावर काम करून फी सहज निघते. निघत नाही, मैत्रिणींनो! तिकडे पदवीच्या विद्यार्थ्याला कॉलेज सुरू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करायची परवानगीच नसते. कुणीतरी तिला सुचवलं, की हॉटेलात रोख पैशांवर जास्तीचे तास कर, कोण बघतंय? आणि दुसऱ्या कुणी सुचवलं, की कुणाला न सांगता सरळ निघून ये.

त्या रात्री तिचा फोन आला. ताई रडत होती, तिला काही सुचत नव्हतं, म्हणून फोन माझ्याकडे आला. मी काही व्हिसातली तज्ज्ञ नाही. मी आपली बी.ए. झालेली, बचत गटाच्या बायकांचे अर्ज भरून देणारी बाई. पण माझी बी.ए. झाली ती मिलिंद महाविद्यालयात, नागसेनवनातल्या झाडांखाली. आणि ते कॉलेज ज्यांनी उभं केलं, त्या माणसाच्या आयुष्यातलं एक वर्ष मला त्या रात्री आठवलं. १९१७. त्या वर्षी तोही माणूस लंडनहून शिक्षण अर्धवट ठेवून परत आला होता. पैसे संपले म्हणून!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला हार घालतो. पण परदेशात शिकणारा, हिशेबाच्या वहीत एकेक पैसा लिहिणारा, मुदत संपत आली म्हणून कासावीस होणारा विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे आपण फारसं बघत नाही. ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा आज बाहेर जायची स्वप्नं बघतोय, त्या घरातल्या आईनं तर ही गोष्ट जरूर वाचावी.

भीमराव जन्मले १८९१ मध्ये महूला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. घरात पैसा बेताचा, पण शिक्षणाची ओढ जबरदस्त. त्यात अस्पृश्यतेचे चटके. शाळेत बाजूला बसायचं, पाण्याला हात लावायचा नाही. तरीही १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. त्या काळात त्यांच्या समाजातल्या मुलानं मॅट्रिक होणं ही एवढी मोठी गोष्ट होती, की त्यासाठी सत्काराची सभा भरली. पुढे कॉलेजसाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन भीमराव बी.ए. झाले.

लग्न तर शाळेत असतानाच झालं होतं. रमाबाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. आईवडील लहानपणीच गेलेले, मामाकाकांनी वाढवलेल्या. सासरी आल्या तेव्हा अगदी लहान मुलगीच होत्या. डिसेंबर १९१२ मध्ये पहिला मुलगा यशवंत झाला. जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजीबाबा गेले. घरातला खांबच कोसळला.

अशा वेळी एखादा म्हणाला असता, की आता शिक्षण पुरे, संसार बघू. पण त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत शिकायला काही विद्यार्थी पाठवायचं ठरवलं. भीमराव महाराजांना भेटले. निवड झाली. आणि ४ जून १९१३ रोजी बडोद्यात शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यापुढे त्यांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड मिळणार, तीन वर्षं. ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा. आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची.

आज आपण ज्याला स्टुडंट व्हिसा म्हणतो, तसा कागद तेव्हा नव्हता. परदेशी माणसानं आधी पासपोर्टवर शिक्का घेऊनच अमेरिकेत यावं, हा नियम पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७-१८ मध्ये आला. म्हणजे १९१३ मध्ये भीमरावांना मुंबईच्या कॉन्सुलेटसमोर रांगेत उभं राहावं लागलं नाही. पण गंमत बघा, व्हिसाच्या ज्या अटी असतात, त्या सगळ्या त्या बडोद्याच्या करारात होत्याच. काय शिकणार? किती दिवस? पैसा कुणाचा? आणि शिकून परत येणार ना? कागद बदलले, शिक्के बदलले, पण शिकायला निघालेल्या मुलाला विचारायचे चार प्रश्न शंभर वर्षांत काही बदलले नाहीत.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुलांच्या आयांना सांगते, सुरुवातीचे काही महिने त्यांचेसुद्धा मित्रांत, हिंडण्याफिरण्यात, नव्याच्या नवलाईत गेले. का जाणार नाहीत? ज्या मुलाला आपल्या देशात हॉटेलात कपाला हात लावू दिला जात नव्हता, तो तिथे सगळ्यांच्या पंगतीला बसत होता! पण मग एके दिवशी मन खडबडून जागं झालं. घरचे काय खात असतील, महाराजांचे पैसे कशासाठी आहेत, हा विचार आला आणि त्यानंतर ते जे अभ्यासाला बसले, ते उठलेच नाहीत. सिनेमा नाही, चैन नाही. मिळणाऱ्या पैशांतून काटकसर करून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यात जुन्या बाजारातली पुस्तकं घ्यायची. प्राध्यापक सेलिग्मन यांच्यासारखे नामवंत अर्थशास्त्रज्ञ शिकवायला होते. नवल भथेना नावाचा पारशी मित्र तिथेच भेटला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये एका चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला. त्याच वर्षी डॉक्टरेटचा प्रबंधही सादर झाला. याच अमेरिकेतून वडिलांच्या एका मित्राला त्यांनी पत्र लिहिलं होतं, त्यात मुलांच्या बरोबरीनं मुलींना शिकवलं तर समाजाची प्रगती झपाट्यानं होईल असा विचार मांडला होता. वय किती? जेमतेम तेवीस-चोवीस! आपल्या पुरवणीच्या वाचकांनी हे विसरू नये म्हणून मुद्दाम सांगितलं.

तीन वर्षांची मुदत संपली. पण मन भरलं नव्हतं. अर्थशास्त्राची आणखी मोठी पदवी आणि बॅरिस्टरी, दोन्ही लंडनला जाऊन करायचं होतं. मुदत वाढवून मिळावी म्हणून त्यांनी बडोद्याला विनंती केली आणि एक वर्ष वाढवून मिळालं. १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. बाहेर महायुद्ध पेटलेलं. आणि १९१७ च्या मध्यावर बडोद्याहून निरोप आला, की शिष्यवृत्तीची मुदत संपली आहे, परत या.

प्रबंध अर्धा झालेला. बॅरिस्टरीच्या टर्म्स बाकी. पैसे देणारा हात मागे झालेला. आता काय करायचं?

माझ्या भाचीला त्या रात्री फोनवर मी हेच विचारलं. तिला वाटलं मावशी आता पुराण सांगत बसणार. पण पुढचं ऐकून ती गप्प झाली.

भीमराव गुपचूप निघून आले नाहीत. त्यांनी आधी विद्यापीठाकडे रीतसर अर्ज केला. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीनं त्यांना परवानगी मिळाली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत कधीही परत येऊन शिक्षण पुढे सुरू करता येईल. ही परवानगी खिशात घेऊनच त्यांनी लंडन सोडलं. दार बंद होऊ दिलं नाही, फक्त ओढून घेतलं. त्या कागदाच्या जोरावर पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं, असं मला फार वाटतं.

परतीची वाटही सोपी नव्हती. जिवापाड जमवलेली पुस्तकं त्यांनी दुसऱ्या बोटीनं पाठवली होती. ती बोट शत्रूच्या पाणबुडीनं बुडवली. पुस्तकं समुद्राच्या तळाशी! २१ ऑगस्ट १९१७ ला ते मुंबईला उतरले. सामानाची नुकसानभरपाई मिळाली, त्यातले काही पैसे रमाबाईंच्या हातात दिले आणि उरलेल्यांत बडोद्याचा प्रवास केला. विचार करा, अमेरिकेतून शिकून आलेला माणूस, आणि नोकरीच्या गावी जायचं भाडं बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून!

बडोद्यात काय झालं ते आपण शाळेच्या पुस्तकात वाचलंय. एवढा शिकलेला अधिकारी, पण राहायला कुणी खोली देईना. कचेरीतला शिपाईसुद्धा लांबून कागद टाकायचा. पारशी खानावळीत पारशी नाव सांगून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. बागेत झाडाखाली बसून त्या माणसानं अश्रू ढाळले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता, पण राहायला छप्परच नाही तर नोकरी करायची कशी? ते मुंबईला परतले.

आता गल्लीतल्या लोकांनी काय म्हटलं असेल? परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत माणसं किती, मिळवणारे किती! अमेरिकेला जाऊन आला आणि घरी बसला, असं कुणीतरी म्हटलं असेलच की. बायका नळावर रमाबाईंना काय काय विचारत असतील! हे माझ्या मनात येतं, कारण फॉल-पिकोवाल्या वहिनी प्रत्येक काळात, प्रत्येक गल्लीत असतातच. मीही कधीतरी दुसऱ्या कुणासाठी तीच वहिनी झाले असेन.

मुदत मात्र पळत होती. ऑक्टोबर १९२१ च्या आत परत जायचं होतं. भीमरावांनी शिकवण्या केल्या, मिळेल ते काम केलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली, पगार ४५० रुपये. त्या काळी केवढा मोठा पगार! एखाद्याला वाटलं असतं, आता बस्स. चांगलं घर घेऊ, बायकोला चार दागिने करू. पण त्यांनी चाळ सोडली नाही. पगारातली ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती, बाकी सगळं बाजूला. लंडनसाठी.

आणि ती ठरावीक रक्कम महिनाभर पुरवायचं काम रमाबाईंचं. त्याचं प्रमाणपत्र कुठल्या विद्यापीठानं दिलं नाही. त्यांना पाच मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. औषधपाण्याला पुरेसा पैसा नाही, नवरा कधी सातासमुद्रापार तर कधी पुस्तकांत. रमाईच्या आठवणी सांगणारी जुनी माणसं आजही सांगतात, की त्यांनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, पण कुणापुढे हात पसरला नाही. आपल्याकडे परदेशी शिकणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. मागे राहून जी चूल पेटती ठेवते, तिचा येत नाही.

मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला. साठवलेले पैसे होतेच, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि न्यूयॉर्कचा तो मित्र, नवल भथेना, त्यानं पाच हजार रुपये उसने दिले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले. चार वर्षांच्या मुदतीतलं सव्वा वर्ष अजून शिल्लक होतं!

या खेपेला कुठली शिष्यवृत्ती नव्हती. एकेक पेनी मोजून खर्च. सकाळी ग्रंथालय उघडलं की आत आणि रखवालदार दिवे मालवायला आला की बाहेर. मुक्कामाच्या घरी मिळणारं जेवण एवढंसं, की रात्री दहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडायचे. तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थानं दिलेले पापड उपयोगी यायचे. रात्री चार पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचत बसायचं. मुलाच्या बॅगेत पापडाची पिशवी कोंबणाऱ्या समस्त आयांनो, तुमचं चुकत नाही बरं का!

त्यातच रुपया घसरला. १९२० च्या सुरुवातीला दोन शिलिंगांच्या वर गेलेला रुपया पुढच्या वर्षी सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. म्हणजे मुंबईत साठवलेले पैसे लंडनला पोहोचेपर्यंत निम्म्यावर! आज डॉलर आणि पौंड वर गेले की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्या सगळ्या आईबापांना हे कळेल. आणि योगायोग बघा, भीमरावांचा डॉक्टरेटचा विषयच रुपयाचा प्रश्न हा होता. ज्यानं छळलं त्याचाच त्यांनी अभ्यास केला.

१९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयावरचा प्रबंध दिला. मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातलं, पण तिथला मुक्काम टिकला नाही. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी प्रबंध सुधारून द्यायला सांगितलं, त्यातली इंग्रज राज्यकर्त्यांवरची टीका त्यांना फार झोंबली होती. आणि पुन्हा पैसे संपले! पुन्हा परत यावं लागलं. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत आले, प्रबंधावर इथूनच पुन्हा काम केलं आणि लंडनला पाठवला. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. वर्षअखेर डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर १९२७ मध्ये हातात पडली. १९१३ ला निघालेला विद्यार्थी १९२७ ला सगळ्या पदव्या घेऊन मोकळा झाला. चौदा वर्षं! मध्ये दोनदा अर्ध्यावरून परत.

म्हणून मला म्हणायचंय, की अर्ध्यावरून परत येणं म्हणजे नापास होणं नव्हे. कसं परत आलो, याला महत्त्व आहे.

माझ्या भाचीला मी दुसऱ्या दिवशी तिच्या विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात जायला सांगितलं. ती गेली. घरची परिस्थिती लेखी दिली, वडिलांच्या हॉस्पिटलचे कागद दिले. त्यांनी नीट समजावलं. इंग्लंडमध्ये शिक्षण थांबवलं की विद्यापीठाला ते सरकारला कळवावंच लागतं आणि व्हिसाची मुदत कमी होते, देश सोडावा लागतो. पण रीतसर थांबवलं, तर विद्यापीठ जागा राखू शकतं आणि परत जाताना नवं पत्र घेऊन पुन्हा व्हिसाचा अर्ज करता येतो. उलट न सांगता वर्गाला दांडी मारली किंवा ठरल्यापेक्षा जास्त तास काम केलं, तर तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो. तिनं विद्यापीठाचं पत्र घेतलं आणि परत आली. तेच पत्र तिच्या पर्समध्ये होतं, त्या सकाळी ती रिक्षातून उतरली तेव्हा. गल्लीला ते दिसलं नाही, एवढंच.

या निमित्तानं मी बरीच माहिती गोळा केली, ती थोडक्यात सांगते. आपल्या भागातून आता पुष्कळ मुलं-मुली जातात आणि घरच्या बायकांना कागदाचं काही माहीत नसतं. सगळं एजंटावर!

इंग्लंडसाठी विद्यापीठाकडून प्रवेशाचा सीएएस क्रमांक यावा लागतो. फीचे आणि राहण्याचे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. एक दिवस जरी कमी शिल्लक दिसली तरी अर्ज अडतो, म्हणून त्या महिन्यात त्या खात्याला हातच लावू नये. क्षयरोगाची तपासणी ठरलेल्या केंद्रातच करावी लागते. अमेरिकेसाठी विद्यापीठाचा आय-२० नावाचा कागद लागतो, त्यावर सेव्हिसची फी, मग ऑनलाइन अर्ज आणि मुंबईला जाऊन मुलाखत. मुलाखतीत फार वेळ मिळत नाही. पाठ केलेलं बोलू नये. काय शिकणार, का शिकणार आणि पैसा कुठून आला, हे आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. भीमरावांना बडोद्यात विचारलेलेच प्रश्न ते!

व्हिसा मिळाला की संपलं, असं मात्र समजू नका. तो टिकवावा लागतो. अमेरिकेत पूर्ण वेळ अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. आजारपणामुळे विषय कमी करायचे असतील तर आधी विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची परवानगी हवी, नंतर नाही. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं. काम कॉलेजच्या आवारात, सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा शेजारणीच्या मुलाचं ऐकून नव्हे, तर त्या देशाच्या सरकारी माहितीवरून खात्री करून घ्यावी.

आणि आयांनो, एक कळकळीची विनंती. मुलीला असं सांगून पाठवू नका, की आता पदवी घेऊनच तोंड दाखव. त्या वाक्याच्या भीतीनं मुलं खरं सांगत नाहीत आणि भलत्या वाटेला लागतात. अडचण आली तर पहिला फोन घरी, दुसरा विद्यापीठात, असं सांगा.

बाबासाहेबांनी स्वतःसाठी मिळवलेली वाट स्वतःपुरती ठेवली नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं. ते परवडणार कुणाला? १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे त्यांनी १९५० मध्ये आमच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच आमचं मिलिंद. खेड्यापाड्यांतली, वस्ती-तांड्यांवरची मुलं तिथे शिकली. आज राज्य सरकारची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना परदेशी पाठवणारी शिष्यवृत्ती आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. १९२० मध्ये लंडनच्या बोटीत बसणाऱ्या विद्यार्थ्याला ज्यांनी मदत केली, तेच शाहू महाराज! ज्यांच्या घरात पात्र मूल असेल, त्यांनी समाजकल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी. अर्ज भरायला मदत लागली तर माझ्यासारख्या कुणा बाईला हाक मारावी.

१९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठानं बाबासाहेबांना बोलावून मानाची डॉक्टरेट दिली. रमाई ते बघायला नव्हत्या. त्या १९३५ मध्येच गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. मागे राहणाऱ्या बाईची एवढी तरी नोंद राहिली.

माझी भाची सध्या एका खाजगी क्लासमध्ये शिकवते आणि संध्याकाळी दुकानात वडिलांच्या मदतीला बसते. मेव्हणे आता बरे आहेत. ताईनं तिच्या पगारासाठी वेगळं खातं उघडलंय आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय. विद्यापीठाचं ते पत्र देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. त्यावर परत यायची तारीख आहे. जाता येईल की नाही, ते पैशांवर आहे, आज कुणीच सांगू शकत नाही.

परवा फॉल-पिकोवाल्या वहिनींनी पुन्हा विचारलं. या वेळी मी हसून वेळ मारून नेली नाही. स्टुलावर बसले आणि त्यांना १९१७ पासून सगळी गोष्ट सांगितली. मशीन थांबवून त्यांनी ऐकली. निघताना म्हणाल्या, की त्यांचीही नात बारावीला आहे, कागदांचं सगळं एकदा नीट लिहून द्याल का?

म्हणून हे लिहिलं.